आधी गाणे की आधी नाव?

गायक ओझी ऑस्बर्न यांच्या निधनानंतर आम्ही छापलेल्या लेखात ‘ब्लॅक सॅबथ’ हे त्यांच्या बँडचे, त्याच्या पहिल्या अल्बमचे आणि त्या अल्बममधील पहिल्या गाण्याचेही नाव असल्याचा उल्लेख ओघात आला होता. त्या एका वाक्यावर वाचकांची बरीच पत्रे आली. बँडचे नाव आणि गाण्याचे नाव एकच असण्याच्या या प्रकाराविषयीचे निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरे येथे देत आहोत.

प्रश्न : ‘ब्लॅक सॅबथ’ या नावाच्या बाबतीत आधी काय आले, बँड, अल्बम की गाणे? आणि तिन्ही ठिकाणी एकच नाव वापरणे हे कल्पकता कमी पडल्याचे लक्षण नाही का? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : आधी गाणे आले, त्यावरून बँडचे नाव ठरले आणि सर्वांत शेवटी अल्बम आला. हा क्रम एकदा ध्यानात घेतला, की आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर बरेचसे त्यातच मिळते.

बर्मिंगहॅमच्या अ‍ॅस्टन भागातील चार तरुण १९६८ साली एकत्र आले, तेव्हा त्यांनी बँडला ‘पोल्का टल्क ब्लूज बँड’ असे नाव दिले होते आणि लवकरच ते बदलून ‘अर्थ’, म्हणजे पृथ्वी, असे केले. ते त्या काळी प्रामुख्याने इतरांची ब्लूज गाणी वाजवीत असत. त्यांच्या तालमीच्या जागेसमोर एक चित्रपटगृह होते आणि तेथे मारिओ बावा यांचा १९६३ सालचा भयपट लागला होता, ज्याचे इंग्रजीतील नाव ‘ब्लॅक सॅबथ’ होते. लोक स्वतःला घाबरवून घेण्यासाठी पदरचे पैसे मोजतात, तर मग संगीतातूनही ती भीती का देऊ नये, असा विचार या मंडळींच्या मनात आला, असे त्यांनी पुढे अनेकदा सांगितले आहे. बेसवादक गीझर बटलर तेव्हा संगीतकार गुस्ताव होल्स्ट यांच्या ‘द प्लॅनेट्स’ या वाद्यवृंदरचनेतील मंगळ ग्रहावरचा भाग बेसवर वाजवून पाहत असत. तो कानात असतानाच गिटारवादक टोनी आयोमी यांना एक रिफ, म्हणजे पुन्हा पुन्हा वाजणारा छोटा स्वरसमूह, सुचला आणि त्याच्याभोवती गाणे उभे राहिले.

तो रिफ अवघ्या तीन स्वरांचा आहे. आपल्या पद्धतीने सांगायचे तर आधी षड्ज, मग तार षड्ज आणि तेथून खाली उतरून तीव्र मध्यम, आणि त्या तीव्र मध्यमावर बोट हलते ठेवून दिलेला कंप. लय अतिशय संथ आहे, इतकी की प्रत्येक स्वर विरत आल्यावर पुढचा येतो. षड्ज आणि तीव्र मध्यम यांच्यातील हे अंतर सप्तकाचे बरोबर दोन भाग करते आणि पाश्चात्त्य संगीतशास्त्रात त्याला ‘संगीतातील सैतान’ असे म्हणण्याचा प्रघात अठराव्या शतकापासून आहे. यमन ऐकत वाढलेल्या आपल्या कानांना मात्र या अंतरात भीतिदायक काहीच वाटत नाही, कारण यमनातला तीव्र मध्यम पंचमाकडे जातो किंवा गंधाराकडे परततो आणि त्याला विसाव्याची जागा मिळते. आयोमी त्याला अशी जागा देत नाहीत. तो स्वर तसाच लोंबकळत राहतो आणि मग पुन्हा षड्जापासून तेच सुरू होते. या गाण्यात जी धास्ती भरून राहिली आहे, ती माझ्या मते स्वरांच्या निवडीपेक्षा या अडवून ठेवण्यातून अधिक येते. शब्दही त्याला साजेसे आहेत. समोर काळ्या वेषातील एक आकृती उभी आहे आणि ती आपल्याकडेच बोट दाखवते आहे, अशी सुरुवात होते. यामागे बटलर यांना एका रात्री आलेला अनुभव असल्याचे त्यांनी स्वतः सांगितले आहे. शेवटच्या दीड-दोन मिनिटांत मात्र लय एकदम उसळते आणि गाणे धावत सुटते.

याच सुमारास इंग्लंडमध्ये ‘अर्थ’ नावाचा आणखी एक बँड असल्यामुळे आयोजकांचा आणि श्रोत्यांचा घोटाळा होऊ लागला आणि नवे नाव घेणे भाग पडले. १९६९ च्या ऑगस्टमध्ये त्यांनी आपल्याच गाण्याचे नाव उचलले. इतरांचे ब्लूज वाजवण्यापासून सुरुवात केलेल्या या चौघांजवळ सर्वस्वी स्वतःच्या म्हणाव्यात अशा ज्या पहिल्या वस्तू होत्या, त्यांपैकी एक म्हणजे हे गाणे. अशा वेळी दुसरे नाव शोधत बसण्याची गरजच उरत नाही, आणि म्हणून येथे कल्पकता कमी पडली असे मला अजिबात वाटत नाही. अल्बम ऑक्टोबर १९६९ मध्ये लंडनच्या रीजंट साउंड स्टुडिओत एका दिवसात ध्वनिमुद्रित झाला. आरंभी ऐकू येणारा पाऊस, गडगडाट आणि घंटेचा आवाज मागाहून जोडला गेला. १३ फेब्रुवारी १९७० रोजी, शुक्रवार पाहून, तो बाजारात आला. पहिला अल्बम, त्यातले पहिले गाणे आणि त्या गाण्याच्या आधी पाऊस, असा प्रवेश त्यापूर्वी कोणत्याही रॉक बँडने घेतलेला मला आठवत नाही.

या गाण्याशी त्यांनी शेवटपर्यंत नाते राखले. २०१३ सालच्या ‘१३’ या अल्बमचा शेवट त्याच पावसाने आणि त्याच घंटेने केला आहे आणि २०१६-१७ च्या निरोपाच्या दौऱ्यात कार्यक्रमाची सुरुवात याच गाण्याने होत असे. ५ जुलै २०२५ रोजी बर्मिंगहॅमच्या व्हिला पार्क मैदानावर मूळचे चारही जण शेवटचे एकत्र आले, तेव्हा मात्र त्यांनी चारच गाणी वाजवली आणि त्यांत हे गाणे नव्हते. त्यानंतर १७ दिवसांनी, २२ जुलैला, ऑस्बर्न यांचे निधन झाले.

प्रश्न : ‘हॉकविंड’ या बँडच्या जुन्या गाण्यांत ‘मोटरहेड’ नावाचे गाणे सापडले. ते मोटरहेड या बँडच्या गाण्याची नक्कल आहे का? (एक महाविद्यालयीन विद्यार्थी, नाशिक)

उत्तर : नाही, उलट तेच मूळ आहे. मोटरहेडचे संस्थापक लेमी आधी हॉकविंडमध्ये बेस वाजवीत असत आणि त्या बँडसाठी त्यांनी लिहिलेले हे शेवटचे गाणे. अमेरिकेच्या दौऱ्यावर असताना लॉस एंजेलिसमधील एका हॉटेलच्या सज्जात बसून, रॉय वुड यांच्याकडून मागून घेतलेल्या गिटारवर, त्यांनी ते रात्रीतून रचले. हे शीर्षक अमेरिकी बोलीतले असून अ‍ॅम्फेटामिन या उत्तेजक अमली पदार्थाच्या आहारी गेलेल्या माणसाला ते लावत. गाण्यातही तेच आयुष्य आहे आणि ते कौतुकाने किंवा पश्चात्तापाने न सांगता नुसते जसे आहे तसे सांगितले आहे. या गाण्यात ‘पॅरलेलोग्राम’, म्हणजे समांतरभुज चौकोन, हा भूमितीतला शब्द आला आहे आणि रॉक संगीतात तो आणणारे आपणच, याचा लेमी यांना अभिमान होता.

१९७५ साली हे गाणे हॉकविंडच्या एका सिंगलच्या, म्हणजे दोन गाण्यांच्या छोट्या तबकडीच्या, मागच्या बाजूवर निघाले. त्याच वर्षी मे महिन्यात कॅनडाच्या सीमेवर अमली पदार्थ बाळगल्याच्या कारणावरून लेमी यांना अटक झाली आणि आरोप टिकला नाही तरी बँडने त्यांना काढून टाकले. त्यांनी नवा बँड काढून त्याला ‘बास्टर्ड’ असे नाव द्यायचे ठरवले होते. असे नाव घेऊन दूरचित्रवाणीवर कधीच पाऊल ठेवता येणार नाही, हे व्यवस्थापकांनी समजावल्यावर त्यांनी आपल्या शेवटच्या गाण्याचे नाव बँडला दिले आणि इंग्रजी लिपीत त्यातील एका अक्षरावर, उच्चाराशी काही संबंध नसलेले, दोन टिंब चढवले.

येथेही गाणे आधी आणि नाव नंतर, हा क्रम सॅबथसारखाच आहे. पण एक फरक मला महत्त्वाचा वाटतो. सॅबथच्या चौघांनी नवे नाव घेतले तेव्हा ते गाणे त्यांच्याच हाती होते. लेमी यांचे गाणे मात्र ज्या बँडने त्यांना बाहेर काढले, त्याच्या नावावर निघालेले होते. १९७७ साली मोटरहेडचा त्याच नावाचा अल्बम आला तेव्हा त्याची सुरुवात याच गाण्याने झाली आणि हॉकविंडच्या ध्वनिमुद्रणातील व्हायोलिन जाऊन तेथे नुसता गिटारचा आणि बेसचा भडिमार उरला. बँडच्या नावाने का होईना, लेमी यांनी आपली वस्तू परत मिळवली, असेच मी त्याकडे पाहतो. १९८१ साली याच गाण्याचे प्रत्यक्ष कार्यक्रमातील ध्वनिमुद्रण सिंगल म्हणून निघाले आणि ब्रिटनच्या यादीत सहाव्या क्रमांकापर्यंत पोहोचले.

प्रश्न : १ फेब्रुवारी २००८ रोजी वांद्रे-कुर्ला संकुलात झालेल्या आयर्न मेडनच्या कार्यक्रमाला मी हजर होतो. मुख्य कार्यक्रमाचा शेवट त्यांनी ‘आयर्न मेडन’ या गाण्याने केला. त्यांच्या इतर मोठ्या रचनांच्या मानाने हे गाणे फारच साधे आहे. तरी प्रत्येक कार्यक्रमात त्याला मानाची जागा का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : आपण त्या रात्री तेथे होतात, याचा हेवा वाटतो. त्या जागतिक दौऱ्याचा तो पहिलाच कार्यक्रम होता आणि गायक ब्रूस डिकिन्सन हे स्वतः वैमानिक असल्यामुळे बँडचे बोइंग ७५७ विमान चालवीत ही मंडळी मुंबईत उतरली होती.

आता गाण्याविषयी. येथे क्रम उलटा आहे, आधी नाव आणि मग गाणे. बेसवादक स्टीव्ह हॅरिस यांनी १९७५ च्या नाताळात पूर्व लंडनच्या लेटन भागात बँड स्थापन केला आणि छळाच्या एका लोखंडी पेटीचे हे नाव त्यांना एका चित्रपटावरून सुचले. आतून खिळे असलेली ही पेटी मध्ययुगातील असल्याचे समजले जाते, पण इतिहासकारांच्या मते ती फार नंतरच्या काळातील कल्पना आहे. गाणेही हॅरिस यांचेच. १९७८ च्या डिसेंबरअखेर केंब्रिजच्या स्पेसवर्ड स्टुडिओत त्यांनी जी मोजकी गाणी मुद्रित केली, त्यांत ते होते. त्यांतील तीन गाण्यांची ‘द साउंडहाउस टेप्स’ ही छोटी तबकडी पुढच्या वर्षी त्यांनी स्वतःच काढली आणि तिच्या ५००० प्रती टपालाने विकल्या. १९८० साली निघालेल्या ‘आयर्न मेडन’ या पहिल्या अल्बमचा शेवटही याच गाण्याने होतो.

रचना म्हणून पाहिले तर आपले निरीक्षण रास्त आहे. दोन गिटारींनी एकमेकींपासून ठरावीक स्वरांतर राखून वाजवलेला सुरुवातीचा तुकडा सोडला तर यात फार काही घडत नाही आणि शब्दांत तर आमच्या हातून कोणीच सुटणार नाही, एवढेच बजावलेले आहे. पण हे गाणे ऐकण्याइतकेच पाहण्यासाठी बांधले गेले. अगदी सुरुवातीच्या काळात, लहान पबमध्ये कार्यक्रम होत असताना, ड्रमच्या मागे एक मोठा मुखवटा टांगलेला असे आणि याच गाण्याच्या वेळी त्याच्या तोंडातून खोटे रक्त वाहून ते मागे बसलेल्या ड्रमवादकाच्या अंगावर पडत असे. त्या मुखवट्याला ‘एडी’ म्हणत. पुढे चित्रकार डेरेक रिग्ज यांनी अल्बमच्या वेष्टनासाठी काढलेल्या चेहऱ्याला तेच नाव मिळाले आणि तो बँडची ओळख बनला. मंचामागून प्रचंड एडी वर येतो, तो बहुतेक दौऱ्यांत याच गाण्याला. शिवाय या बँडचे गायक बदलले, ड्रमवादक बदलले, गिटारवादक तर येत-जात राहिले, पण १९७९ च्या त्या तबकडीवरील हॅरिस यांचे हे गाणे त्या सगळ्यांना वाजवावे लागले. नवा सदस्य या बँडचा झाला, हे लोकांसमोर ठरते ते याच गाण्यात, असे मला वाटते, आणि म्हणून त्याची जागा त्यांनी कधी दुसऱ्या गाण्याला दिली नाही.

प्रश्न : रोलिंग स्टोन्स, डीप पर्पल, रेडिओहेड यांची नावेही गाण्यांवरूनच आली आहेत ना? मग ती या प्रकारात बसतात का? (एक वाचक भगिनी, पुणे)

उत्तर : नावे गाण्यांवरून आली हे खरे, पण ती गाणी दुसऱ्यांची होती, म्हणून मी ती वेगळी ठेवीन. आपल्या गाण्याचे नाव घेणारा बँड स्वतःविषयी काही सांगत असतो, तर दुसऱ्याच्या गाण्याचे नाव घेणारा बँड आपण कोणाचे ऐकून वाढलो ते सांगतो.

यांतील स्टोन्सची कथा सांगण्यासारखी आहे. १९६२ साली ब्रायन जोन्स एका संगीत साप्ताहिकाला कार्यक्रमाची माहिती दूरध्वनीवरून देत होते. बँडचे नाव विचारल्यावर त्यांची नजर जमिनीवर पडलेल्या मडी वॉटर्स यांच्या तबकडीकडे गेली आणि तिच्यावरील ‘रोलिन’ स्टोन’ या १९५० सालच्या गाण्याचे नाव त्यांनी सांगून टाकले, असे कीथ रिचर्ड्स सांगतात. त्यानंतर मडी वॉटर्स यांची कितीतरी गाणी त्यांनी वाजवली, बॉब डिलन यांचे ‘लाइक अ रोलिंग स्टोन’ही १९९५ साली मुद्रित केले, पण ज्या गाण्याने नाव दिले ते त्यांच्या अल्बमवर आले थेट २०२३ साली. ‘हॅकनी डायमंड्स’ या अल्बमच्या शेवटी ते आहे आणि त्यात फक्त मिक जॅगर आणि कीथ रिचर्ड्स हे दोघेच आहेत. ६१ वर्षांनी फेडलेले हे ऋण आवर्जून ऐकावे.

‘डीप पर्पल’ हे पीटर डीरोझ यांच्या १९३३ सालच्या पियानोरचनेवर पुढे शब्द चढवून झालेले गाणे गिटारवादक रिची ब्लॅकमोर यांच्या आजीचे आवडते होते. बँडने ते आपल्या अल्बमवर कधीच घेतले नाही. रेडिओहेडचे आधीचे नाव ‘ऑन अ फ्रायडे’ होते. १९९१ साली ध्वनिमुद्रिका कंपनीने ते बदलायला सांगितले, तेव्हा त्यांनी टॉकिंग हेड्सच्या १९८६ सालच्या एका गाण्याचे नाव घेतले.

प्रश्न : ही पद्धत हेवी मेटलवाल्यांनी सुरू केली का? (एक वाचक, नागपूर)

उत्तर : नाही. त्यांच्यात ती फार रुजली एवढेच. त्यांच्या कितीतरी आधी, १९५५ साली, शिकागोत बो डिडली यांनी ‘बो डिडली’ नावाचे गाणे मुद्रित केले आणि ते कृष्णवर्णीय श्रोत्यांच्या रिदम अँड ब्लूज यादीत पहिल्या क्रमांकावर गेले. ते एकट्या कलावंताचे नाव असले, तरी आपल्या विषयाशी त्याचे नाते जवळचे आहे, कारण एलस मॅकडॅनिएल या गृहस्थांनी गाण्यातून स्वतःच्या मंचीय नावाची जणू द्वाही फिरवली.

यातून एक प्रसंगही उद्भवला. त्याच वर्षी २० नोव्हेंबरला एड सुलिव्हन यांच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमात त्यांनी त्या काळी गाजत असलेले ‘सिक्स्टीन टन्स’ गावे असे ठरले होते. प्रत्यक्षात त्यांनी ‘बो डिडली’ वाजवले आणि सुलिव्हन संतापले. पुढे बो डिडली यांनी दिलेले स्पष्टीकरण असे, की समोर धरलेल्या फलकावर ‘बो डिडली’ आणि त्याखाली ‘सिक्स्टीन टन्स’ असे लिहिले होते, आणि त्यांना वाटले की ही दोन गाणी म्हणायची आहेत. फलकावरची पहिली ओळ गायकाचे नाव होती की गाण्याचे, हा प्रश्न फक्त त्यांच्याच बाबतीत उभा राहू शकत होता.

‘द मंकीज’ हे १९६६ सालचे उदाहरण निराळ्या वळणाचे आहे. दूरचित्रवाणी मालिकेसाठीच हा बँड जमवला गेला आणि मालिकेच्या आरंभी वाजणारे, टॉमी बॉइस आणि बॉबी हार्ट यांनी लिहिलेले शीर्षकगीत ही त्या चौघांची ओळख झाली. तेथे गाण्याचे काम दर आठवड्याला नाव सांगण्याचेच होते.

प्रश्न : बँडनेच आपल्या अल्बमचे नाव घेतल्याचे उदाहरण आहे का? (सिडनीत स्थायिक असलेली एक वाचक)

उत्तर : आपल्याच शहरात आहे. आयव्हा डेव्हिस यांच्या ‘फ्लॉवर्स’ या बँडने १९८० साली ‘आइसहाउस’ नावाचा अल्बम काढला. त्याच नावाचे गाणेही त्यात होते. परदेशात तो विकायची वेळ आली तेव्हा स्कॉटलंडमध्ये ‘फ्लॉवर्स’ नावाचा बँड आधीच असल्याचे कळले. १९८१ साली मग बँडचेच नाव ‘आइसहाउस’ झाले आणि पुढे जगाने त्यांना याच नावाने ओळखले.

प्रश्न : बँड पुढे पूर्ण बदलला आणि नावाचे गाणे मागेच राहिले, असे कधी घडले आहे का? (एक वाचक, सोलापूर)

उत्तर : टॉक टॉक. या विषयातील मला सर्वांत जवळचे उदाहरण हेच. मार्क हॉलिस यांचा ‘द रिअ‍ॅक्शन’ नावाचा पंक बँड होता आणि त्यासाठी त्यांनी थोरले बंधू एड यांच्यासह ‘टॉक टॉक टॉक टॉक’ हे गाणे केले होते. १९७७ साली ते एका संकलनात आले. तो बँड फुटला, नवा बँड उभा राहिला, चारांतले दोन शब्द कमी होऊन बँडचे नाव ‘टॉक टॉक’ झाले आणि १९८२ च्या पहिल्या अल्बममध्ये गिटारऐवजी सिंथेसायझर घेऊन तेच गाणे नव्याने आले. सतत बोलणाऱ्या, पण खरे न बोलणाऱ्या माणसावरचा राग त्यात आहे आणि तो पंकच्या दिवसांतलाच आहे.

पण चार वर्षांत हॉलिस यांना सिंथेसायझर नकोसा झाला, आणि १९८८ च्या ‘स्पिरिट ऑफ ईडन’मध्ये ट्रम्पेट, ओबो, माउथ ऑर्गन आणि त्यांच्यामधल्या लांबलचक मोकळ्या जागा ऐकू येतात. हे काम रेडिओवर चालण्यासारखे नाही म्हणून कंपनी नाराज झाली आणि प्रकरण न्यायालयापर्यंत गेले. १९९१ च्या ‘लाफिंग स्टॉक’ या शेवटच्या अल्बमपर्यंत बँडने मागे वळून पाहिले नाही. तोवर त्यांनी प्रत्यक्ष कार्यक्रम करणेही बंद केले होते, त्यामुळे नावाचे गाणे वाजवण्याची वेळही येत नव्हती. पहिले गाणे आणि शेवटचा अल्बम लागोपाठ ऐकला तर ते एकाच माणसाचे आहेत यावर विश्वास बसत नाही, आणि तरी दोन्हींमध्ये फालतू बोलण्याविषयीचा हॉलिस यांचा तिटकारा सारखाच आहे, असे मला ठामपणे वाटते.

प्रश्न : आमच्या प्रश्नमंजुषेसाठी बँड, अल्बम आणि गाणे यांचे नाव एकच असलेली उदाहरणे हवी आहेत. मेटालिका चालेल का? (एका अभियांत्रिकी महाविद्यालयातील विद्यार्थी, छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : चालणार नाही. १९९१ साली निघालेला काळ्या वेष्टनाचा अल्बम ‘मेटालिका’ या नावाचा आहे, पण त्या नावाचे गाणे त्यात नाही. बोस्टन या बँडचेही तसेच. वर आलेल्या ब्लॅक सॅबथ, मोटरहेड आणि आयर्न मेडनखेरीज बॅड कंपनी (१९७४), एंजल विच (१९८०), लिव्हिंग इन अ बॉक्स (१९८७) आणि डेव्हिड बोवी यांचा टिन मशीन (१९८९) ही नावे निःशंकपणे वापरा. ही सगळी पहिल्या अल्बमची उदाहरणे आहेत, आणि ते स्वाभाविक आहे, कारण अनोळखी लोकांपुढे उभे राहिलेल्या बँडला आपले नाव ऐकवण्याची निकड तेव्हाच असते. प्रश्न अवघड करायचा असेल तर विल्को घ्या. १९९४ साली सुरू झालेल्या या बँडने २००९ सालच्या सातव्या अल्बमपर्यंत थांबून, अल्बम आणि गाणे दोन्हींना आपले नाव दिले.

प्रश्न : यांतील कोणती ध्वनिमुद्रणे ऐकावीत? (एक वाचक, पणजी)

उत्तर : ‘ब्लॅक सॅबथ’ १९७० च्या अल्बममधलेच ऐकावे आणि पावसाचा भाग पुढे ढकलू नये. ‘मोटरहेड’ आधी हॉकविंडचे ऐकावे आणि लगेच १९८१ च्या ‘नो स्लीप टिल हॅमरस्मिथ’मधले, म्हणजे सहा वर्षांत त्याचे काय झाले ते कळेल. ‘आयर्न मेडन’साठी पहिल्या अल्बममधील पॉल डिआनो यांचा रांगडा आवाज आणि १९८५ च्या ‘लाइव्ह आफ्टर डेथ’मधील डिकिन्सन यांचा चढा आवाज, हे दोन्ही हवेत.

‘बॅड कंपनी’ मात्र रात्री ऐकावे. फ्री, मॉट द हूपल आणि किंग क्रिम्सन या बँडमधून आलेल्या चौघांनी ते हॅम्पशायरमधील हेडली ग्रेंज या जुन्या वास्तूत मुद्रित केले. पियानोवर हलक्या हाताने सुरुवात होते आणि बंदूक जवळ बाळगून फिरणाऱ्या फरारी माणसाची गोष्ट पॉल रॉजर्स सांगू लागतात. गाण्यातला एकटेपणा आवाजात यावा म्हणून मध्यरात्री घराबाहेर मैदानात मायक्रोफोन नेऊन आपण ते गायलो, असे त्यांनी सांगितले आहे. २००९ साली फाइव्ह फिंगर डेथ पंच या अमेरिकी बँडने तेच गाणे दणक्यात वाजवले. तेही ऐकून पाहावे. वाजवण्यात उणे काही नाही, पण गाणारे बॅड कंपनी नसल्यामुळे ‘आम्ही असे आहोत’ हे सांगणे त्यातून निघून गेले आहे आणि एका फरारी माणसाची चांगली गोष्ट तेवढी राहिली आहे.